नीटची वाट अर्ध्यावर सोडणारी मुले

२०२४ च्या नीट परीक्षेसाठी २४ लाखांहून अधिक मुलामुलींनी नाव नोंदवले होते. प्रत्यक्ष परीक्षेला बसले सुमारे २३ लाख ३३ हजार. म्हणजे फी भरून, अर्ज करून, केंद्र मिळाल्यावरही सत्तर हजारांहून जास्त जण मे महिन्यातल्या त्या रविवारी आलेच नाहीत. २०२५ मध्ये नोंदणी २२ लाख ७६ हजार आणि हजर २२ लाख ९ हजार, म्हणजे गैरहजर पुन्हा सदुसष्ट हजारांच्या आसपास. कोणी आजारी असेल, कोणाला दुसरीकडे प्रवेश मिळाला असेल. पण वैद्यकीय प्रवेशाची तयारी सोडून देणाऱ्यांची सरकारदरबारी काही खूण सापडते ती एवढीच. अकरावीच्या दिवाळीनंतर मनातून हरलेली, बारावीला अर्जच न भरणारी, एक वर्ष रिपीट करून गावी परतलेली मुले कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. निकालानंतर लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरात जे फ्लेक्स लागतात, त्यांवरही ती नसतात.

या मुलांबद्दल घरात आणि क्लासमध्ये एकच निदान ऐकू येते: मेहनत कमी पडली. ते मला पटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत मेहनतीच्या आधी बाकीच्या गोष्टी संपलेल्या असतात: पायाभूत गणित, पैसे, वर्षे, आणि आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळण्याची सोय. या लेखात मी महाराष्ट्राचाच विचार करतो आहे, त्यातही मराठवाड्याचा, कारण डॉक्टरकीची आस आणि तिची किंमत दोन्ही तिथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

गळती सुरू होते अकरावीत, आणि कारण बहुधा भौतिकशास्त्र असते. मूल दहावीला नव्वद-बाण्णव टक्के मिळवते, नातेवाईक म्हणतात डॉक्टर करा, आणि गणित अवघड जाते म्हणून पीसीबी ग्रुप घेतला जातो. फसगत होते ती इथेच. गणित विषय सोडला तरी भौतिकशास्त्रातले गणित सुटत नाही. सदिश, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, थोडे डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन आल्याशिवाय अकरावीची पहिली चार प्रकरणेसुद्धा उलगडत नाहीत. ते शिकवायला कॉलेजच्या वेळापत्रकात तास नसतो, कारण या मुलांनी गणित घेतलेलेच नसते. क्लासमध्ये सुरुवातीला 'बेसिक मॅथ्स'ची काही लेक्चर्स होतात आणि गाडी पुढे निघते. ज्याला तेवढ्यात समजले तो चालत राहतो. बाकीचे सूत्रे पाठ करू लागतात. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असल्यामुळे मुले स्वतःची समजूत घालतात की बायो चांगले केले की भागेल. पण जीवशास्त्रात सगळ्यांनाच भरपूर गुण पडतात. रँक ठरते ती भौतिकशास्त्रात, आणि तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. सराव परीक्षेत भौतिकशास्त्राच्या १८० पैकी वीस-पंचवीस गुण महिनोन्‌महिने पाहिलेले मूल खचते तेव्हा त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर आणखी एक ओझे असते. दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीत शिकून अकरावीला सगळेच इंग्रजीत. सेमी-इंग्रजीमुळे हा धक्का थोडा कमी झाला आहे, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला तो बसतोच. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, तरी ती निवडणारे लाखो परीक्षार्थींच्या या राज्यात काही हजारांतच मोजावे लागतात. याचा अर्थ गरज नाही असा कोणी काढू नये. शिकवणे, पुस्तके, टेस्ट सिरीज सगळे इंग्रजीत असताना फक्त शेवटच्या तीन तासांसाठी मराठी पेपर घेणे हे मुलांना धोक्याचे वाटते, आणि ते बरोबरच आहे. त्यात पुस्तकेही दोन: बोर्डासाठी राज्य मंडळाचे, नीटसाठी एनसीईआरटीचे. एका ठिकाणी सविस्तर उत्तरे लिहायची, दुसरीकडे १८० मिनिटांत १८० गोल रंगवायचे. बारावीला पीसीबीमध्ये खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, म्हणून बोर्डही सोडून देता येत नाही.

लातूरचा इतिहास इथे आठवावा लागतो. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी जादा तास, सतत चाचण्या आणि चुकांची फेरतपासणी यांच्या जोरावर 'लातूर पॅटर्न' उभा केला. गुणवत्ता यादीत मुंबई-पुण्याची सवय झालेल्या राज्याला त्याने दुष्काळी भागातली नावे वाचायला लावली. शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या पिढीने केलेले हे काम मोठे आहे, आणि त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण तो पॅटर्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेला होता. २०१३ ला नीट आली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला. २८ एप्रिलला त्याच वर्षी नीट घेण्याचा आदेश झाला, १ मे रोजी पहिला टप्पा पार पडला, ५ मे रोजी आपली एमएचटी-सीईटीही झाली, आणि केंद्राने अध्यादेश काढून त्या वर्षापुरती राज्यांच्या जागांना सूट दिली. एका महिन्यात दोन-तीनदा दिशा बदलली. दोन वर्षे एका परीक्षेची तयारी केलेल्या मुलांनी तेव्हा काय सोसले असेल, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. २०१७ पासून नीट पक्की झाली. लातूरनेही स्वतःला बदलले आणि आजही तिथून मोठ्या संख्येने मुले एमबीबीएसला जातात. मात्र शिकवण्याचे केंद्र कॉलेजच्या वर्गातून क्लासच्या हॉलमध्ये गेले, आणि त्याबरोबर खर्चाचे मानही बदलले.

गावातून लातूरला आलेल्या मुलाचा खर्च पाहा. क्लासची फी, खोलीचे भाडे, मेस, टेस्ट सिरीज, गावी जाण्या-येण्याचे पैसे मिळून वर्षाला दीड-दोन लाख सहज लागतात. आता शेतीकडे या. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमीच मिळत होता. पाच एकर कोरडवाहू, एकरी सहा क्विंटल धरले तर तीस क्विंटल होतात. पूर्ण हमीभाव मिळाला तरी ते दीड लाखाच्या थोडे आतच, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी वजा व्हायची. म्हणजे एका मुलाच्या एका वर्षाच्या तयारीला घरचे सगळे पीक पुरत नाही. अशा घरातले मूल पहिल्या प्रयत्नात चांगले, पण न पुरणारे गुण घेऊन येते तेव्हा पुढच्या वर्षाचा निर्णय त्याच्या बुद्धीवर होत नाही. तो सावकाराकडे, सोसायटीत किंवा धाकट्या बहिणीच्या शिक्षणाकडे पाहून होतो.

सरकारी मदतीत इथे मोठे छिद्र आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण तो जागा मिळाल्यावर लागू होतो, आणि गळती होते त्याच्या आधी. तयारीच्या टप्प्यावर महाज्योतीसारखी सरकारी संस्था टॅब, डेटा आणि ऑनलाइन शिकवणी देते, त्याचा अनेकांना आधार झाला आहे. तरी टॅबवर अडलेला प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो. माणूस मिळाला की काय होते याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' या संस्थेने मेळघाटासारख्या भागातल्या आदिवासी मुलांना जवळ ठेवून शिकवले आणि त्यांतली मुले एमबीबीएसला लागली. ज्यांच्याबद्दल 'यांना झेपणार नाही' असे ठरवून टाकले होते, तीच ही मुले.

आता मोजपट्टीकडे येतो, कारण माझ्या मते मुलांना सर्वांत जास्त तीच खचवते. २०२३ मध्ये ६५० गुणांना देशात सातेक हजारांच्या घरातली रँक मिळत होती. २०२४ मध्ये तेवढ्याच गुणांना रँक तीस हजारांच्या आसपास गेली. त्या वर्षी अभ्यासक्रम कमी केला होता, पेपर सोपा होता, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, १,५६३ जणांच्या वाढीव गुणांचा घोळ झाला, बिहार-झारखंडात पेपर फुटल्याचे उघड झाले आणि तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. त्या निकालानंतर जी मुले रिपीटला बसली, त्यांनी वर्षभर साडेसहाशेच्या पुढचे लक्ष्य ठेवून अभ्यास केला. आणि २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, इतका कठीण निघाला की देशात पहिला आलेल्याला ६८६ गुण होते आणि सहाशेच्या वर गेलेले सगळे मिळून तेराशे-चौदाशे. आदल्या वर्षी सहाशे गुणांना ऐंशी हजारांच्या आसपासची रँक होती. परीक्षेला कठीण-सोपे व्हायचा अधिकार आहे, आणि रँक तर तुलनेनेच ठरते, हे मान्य. पण घरात बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला आपली प्रगती झाली की अधोगती, हे गुणांवरून कळायला काही मार्गच उरत नाही. आपण सुधारत आहोत याचा पुरावा दिसला तर माणूस दोन वर्षे कष्ट काढू शकतो. तो पुरावाच हातातून सुटला की मन बसते.

'पात्र' या शिक्क्याने गोंधळ आणखी वाढतो. २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक जण पात्र ठरले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाख दहा-पंधरा हजार. त्यांतल्या साधारण निम्म्या सरकारी. पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइलवर आहे. खुल्या प्रवर्गासाठी ती २०२२ मध्ये ११७ गुणांवर होती, २०२३ मध्ये १३७, २०२५ मध्ये १४४. ७२० पैकी ११७ म्हणजे १६ टक्के. खेड्यातल्या आईवडिलांना 'मुलगा नीट पास झाला' एवढेच कळते. मग जागा का नाही, हे समजावताना मुलाची दमछाक होते आणि शेवटी तोच खोटा ठरतो.

याच रेषेमुळे एक कडवट गोष्ट घडते. साडेपाचशे-सहाशेच्या घरात गुण मिळवूनही २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गातल्या मुलाला सरकारी जागा मिळाली नाही. खासगी महाविद्यालयाची वर्षाची फी आठ-दहा लाखांपासून पुढे, अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्या वर. ते परवडत नाही म्हणून तो तयारी सोडतो. त्याच्याहून तीन-साडेतीनशे गुण कमी असलेला, पण घरी पैसा असलेला, मॅनेजमेंटच्या जागेवर बसतो आणि साडेपाच वर्षांनी डॉक्टर होतो. तयारी कोण सोडते याचे उत्तर गुणपत्रिकेत अर्धेच असते. म्हणून 'सोडणारे कच्चे असतात' हे विधान मला मुळातच खोटे वाटते.

एका वर्षात होत नाही, तर किती वर्षे द्यायची? प्रयत्नांवर मर्यादा नाही, आणि २०२२ मध्ये वयाची वरची अटही काढली गेली. ही मुभा उदार दिसते, पण तिच्यामुळे स्पर्धेचे रूप बदलले. तमिळनाडूने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दिलेले आकडे बघण्यासारखे आहेत. तिथे नीटच्या आधी, २०१६-१७ मध्ये, एमबीबीएसला प्रवेश मिळवणाऱ्यांत आधीच्या वर्षांत बारावी झालेले रिपीटर साडेबारा टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेले. तमिळ माध्यमातल्या मुलांचा वाटा आधी बारा-पंधरा टक्के होता, तो दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आला. या समितीच्या निष्कर्षांवर राजकीय वाद आहेत, पण आपल्याकडचे क्लासचालकही खासगीत सांगतात की निकाल रिपीटरच्या जिवावर येतो. म्हणजे पहिल्यांदा परीक्षा देणारे मूल दोन-तीन वर्षे तेच वाचलेल्यांशी झुंजते, आणि हे त्याला अकरावीला प्रवेश घेताना कोणी सांगत नाही.

क्लासमध्ये गुणांप्रमाणे बॅच बदलतात. वरच्या बॅचला चांगले शिक्षक, खालच्या बॅचला नवे. खाली उतरवलेले मूल वर्गात बसून राहते, घरी फोनवर 'चालू आहे' म्हणते, पण आतून सोडून दिलेले असते. असे सहा-आठ महिने काढणारी मुले माझ्या पाहण्यात बरीच आहेत, आणि मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणममधील नीटच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत गुणांवरून बॅच वेगळ्या करणे आणि चारचौघांत अपमान करणे शक्यतो टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेही नियमावली आणली. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. हे दुसरे कलम फार महत्त्वाचे आहे. दोन वर्षांची फी आगाऊ भरलेली असते म्हणून कितीतरी मुले, आपल्याला हे नको आहे हे कळूनही, तिथेच अडकतात. पण ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. राज्याने कायदा करून त्यांना दात दिल्याशिवाय पावती घेऊन फी परत मागायला जाण्याची हिंमत सोयाबीनवाल्या बापाला होणार नाही.

ही गळती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतही 'प्री-मेड' म्हणून सुरुवात करणारी पुष्कळ मुले पुढे तो विचार सोडतात. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात रसायनशास्त्राचे सुरुवातीचे अभ्यासक्रम हे त्याचे मुख्य कारण दिसले, आणि मुली व अल्पसंख्याक गटांतली मुले जास्त प्रमाणात बाहेर पडत होती. पायाभूत विषय आणि सामाजिक जागा ही कारणे तिथेही आहेत. फरक एवढाच, की तिथला विद्यार्थी एका पदवीच्या आत असतो. डॉक्टरकी सुटली तरी जीवशास्त्राची, अर्थशास्त्राची पदवी हाती येते. आपल्या रिपीटरकडे दोन-तीन वर्षांनंतर बारावीचेच प्रमाणपत्र असते आणि पुढच्या प्रवेशासाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. तयारी सोडणे ही आपल्याकडे इतकी मोठी पडझड वाटते, ती यामुळे.

योग्य वेळी सोडणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, असे मी ठामपणे म्हणतो. ज्याला जीवशास्त्र आवडते पण रुग्णांत रमत नाही, जो फक्त घरच्यांसाठी बसला आहे, त्याने सोडावेच. पण पैसे संपले म्हणून, गणित कोणी शिकवले नाही म्हणून किंवा शरमेने सोडावे लागणे ही समाजाची हानी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना यांसह राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि ९०० जागा वाढल्या. या जिल्ह्यांना तिथेच राहणारे डॉक्टर हवे असतील, तर तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत पीसीबीच्या मुलांसाठी अकरावीच्या पहिल्या सत्रात गणिताचा सक्तीचा पूरक वर्ग आधी सुरू व्हायला हवा. त्याला इमारत लागत नाही, शिक्षक लागतो.

पालकांना आणि मुलांना माझे सांगणे याहून साधे आहे. रिपीटचे वर्ष घेण्याआधी घरात बसून ठरवा: किती पैसे, किती प्रयत्न, आणि कोणत्या रँकच्या खाली गेलो तर थांबायचे. गुणांवर नव्हे, रँकवर ठरवा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल तर परीक्षा बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आणि नीटबरोबर एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुपचा अर्ज न चुकता भरा. फार्मसी आणि कृषीचे दरवाजे त्यावर उघडतात, आणि त्या अर्जाची मुदत नीटच्या परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. पशुवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी नीटच्याच गुणांवर मिळतात. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचाही अर्ज भरा. निकालानंतर 'आता दुसरे काय' हा प्रश्न पडतो तेव्हा यांतल्या काही अर्जांची तारीख निघून गेलेली असते.